मोर्स शिकताय? या चुका टाळा

मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची संकेतलिपी, शिकायला येणारा जवळपास प्रत्येक जण हातात छापील तक्ता घेऊन येतो. अक्षरासमोर ठिपके नि रेघा. तो तक्ता आधी फाडा. डोळ्यांनी पाठ केलेल्या मोर्सला डोक्यात कायमचा दुभाषी लागतो: आवाज ऐका, ठिपके मोजा, तक्ता आठवा, मग अक्षर लिहा.

मीही तेच केलं होतं. दोन दिवसांत तक्ता तोंडपाठ, आणि काय तो रुबाब! मिनिटाला आठ शब्दांपर्यंत छान चाललं, मग सहा महिने गाडी जागची हलेना. मिनिटाला 20 शब्दांच्या वेगाला एक डिट, म्हणजे ठिपक्याचा आवाज, जेमतेम 60 मिलिसेकंदांचा असतो. 'एच' म्हणजे चार डिट. मधल्या फटी धरून 0.42 सेकंद. तेवढ्यात मनात एक-दोन-तीन-चार म्हणून बघा. मला एस, एच आणि 5 यांतला फरकच कळेना. एकदा समोरच्याचा कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) तीन वेळा चुकीचा परत पाठवला. चौथ्यांदा त्याने 73, म्हणजे निरोपाच्या शुभेच्छा, ठोकलं आणि गेला.

शेवटी पाटी कोरी केली. लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञाची पद्धत धरली: सुरुवातीला के आणि एम ही दोनच अक्षरं, पण पूर्ण वेगात. दहापैकी नऊ बरोबर आली की तिसरं. 'के'चा डा-डी-डा (रेघ-ठिपका-रेघ) मोजायचा नाही, ओळखीच्या माणसाची हाक ओळखावी तसं ओळखायचं. रोज पंधरा मिनिटं, मग बंद. 'आधी हळू वाजवतो, वेग नंतर वाढवू' म्हणणाऱ्यांशी मी आता वादही घालत नाही. हळू वाजलेला एच कानाला वेगळंच अक्षर वाटतो. जड जात असेल तर अक्षरांमधली फट वाढवा, अक्षर ताणू नका.

दिव्याच्या उघडझापीवर सराव नको. डोळा पसरलेलं पान वाचण्यात पटाईत. पाठोपाठ येणारे तुकडे वेगळे करण्यात कान सरस.

फोनच्या कंपनावर शिकून 'गुपचूप' संदेश घेणारेही भेटतात. त्वचेला कमी लेखू नका, पण घाईही नको. मानसशास्त्रज्ञ फ्रँक गेल्डार्ड यांनी 1957 साली छातीवर पाच कंपक लावून 45 खुणांची लिपी मांडली होती. एक जण मिनिटाला 38 शब्दांपर्यंत पोहोचला, पण रीतसर शिकून.

आणि शब्दांच्या आकड्यावरून भांडू नका. मोर्समध्ये वेग मोजायचा शब्द म्हणजे 'पॅरिस' (PARIS), 50 एकक; एक एकक म्हणजे एका डिटची लांबी. 'घरातल्यांनासुद्धा' हा मराठीत एक शब्द, इंग्रजीत चार-पाच. 2019 मध्ये 17 भाषांचं बोलणं मोजलं, तेव्हा उच्चारातल्या अक्षरांचा (सिलॅबलचा) वेग भाषेगणिक बराच वेगळा निघाला, माहितीचा मात्र सगळीकडे सेकंदाला साधारण 39 बिटांच्या आसपास.

लिहून घेताना एखादं अक्षर निसटलं तर जागा कोरी सोडा. ते आठवत बसलात की पुढची तीन गेली.