घरच्यांसोबत फिरताना फोटो कसे काढायचे

जळगाव जिल्ह्यात चांगदेवला किंवा पाटणादेवीला जाणार असाल तर आधी एक करा, घरून पहाटेच निघा, कारण खान्देशातलं ऊन दहानंतर इतकं कडक होतं की चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात आणि पोरंही कंटाळतात. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे, तिथे सकाळी पाण्यावर तिरपा उजेड येतो, मोबाईल पाण्याजवळ खाली धरा आणि स्क्रीनवर उजळ भागावर बोट टेकवून ब्राईटनेस थोडा कमी करा, आकाश पांढरं पडत नाही. कॅमेरा भारीच पाहिजे असं मला मुळीच वाटत नाही.

पारोळ्याला नुसता किल्ल्याचा फोटो काढून परत फिरू नका. बाजारातही जा, तिथे टिपा भरताची वांगी, खापरावर मांडे टाकणारी बाई (आधी विचारा, "ताई, फोटो काढू का?" आणि मग दाखवा पण, खूप खूश होतात).

रावेरकडे केळीच्या बागेत पानाच्या मागून ऊन येऊ द्या, हिरवा रंग पेटतो नुसता! घरच्यांना पोझ द्यायला लावू नका. आजी भाकरीचं गाठोडं सोडताना, पोरगं चिखलात, तेच काढा. मला तेच फोटो सगळ्यात जास्त आवडतात.