कायमचं राहायला नॅरोबोट घेताना: आधी जागा, मग तळ, शेवटी आतली सजावट

इंग्लंड-वेल्सच्या कालव्यांवर घर म्हणून नॅरोबोट, म्हणजे तिथली लांबट, अरुंद पोलादी बोट, घ्यायची ठरली की बहुतेकांचा शोध विक्रीच्या फोटोंपासून सुरू होतो. ओक लाकडाचं स्वयंपाकघर, गोल खिडक्या, धगधगणारी शेगडी. इथेच क्रम चुकतो. आतलं सगळं पुढे सवडीने बदलता येतं. बोट कुठे ठेवणार, कुठल्या कालव्यांवर जाऊ शकणार आणि पाण्याखालचं पोलाद किती जाड उरलंय, हे तीन प्रश्न मात्र पैसे दिल्यानंतर सोडवायला गेलं तर फार महागात पडतं. म्हणून त्यांची उत्तरं आधी मिळवा.

जागा

इथले बहुतेक कालवे कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या ताब्यात आहेत. 2012 मध्ये ब्रिटिश वॉटरवेजकडून हा कारभार ट्रस्टकडे आला. ट्रस्टचं लायसन्स मिळायला तीन गोष्टी लागतात: बोट सेफ्टी सर्टिफिकेट, विमा, आणि एकतर स्वतःचं कायमचं मूरिंग (बोट बांधून ठेवायची जागा) किंवा वर्षभर खरोखर प्रवास करत राहण्याची तयारी. तिसऱ्या मुद्द्यावर तुमचं रोजचं आयुष्य ठरतं.

कायमच्या मूरिंगमध्ये दोन प्रकार असतात. रेसिडेन्शियल मूरिंगवर बारा महिने राहायची मुभा असते आणि त्यासाठी त्या जागेला प्लॅनिंग परवानगी असावी लागते. अशा जागा कमी आणि त्यांना मागणी भरपूर. लेझर (फावल्या वेळेचं) मूरिंग स्वस्त पडतं, पण ते सुट्टीत येऊन राहण्यापुरतं. ‘इथे सगळेच राहतात, कोणी विचारत नाही’ हे वाक्य बोट बघताना हमखास कानावर पडतं. त्यावर विसंबून घर मोडू नका. करारात राहण्याची परवानगी नसेल तर तक्रार आल्यावर जागा तुम्हालाच सोडावी लागते. रेसिडेन्शियल करारसुद्धा बारकाईने वाचा: नोटीस किती दिवसांची, भाडं दरवर्षी कशाच्या आधारे वाढतं, कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) त्यात धरलाय का, बोट विकली तर जागा नव्या मालकाला मिळते का. जमिनीवरच्या मोबाइल होमवाल्यांना कायद्याचं जे संरक्षण आहे ते बोटींना नाही, त्यामुळे करारात लिहिलंय तेवढंच तुमचं. ‘मूरिंगसह विक्री’ असं जाहिरातीत असलं तरी विक्रेत्याचा शब्द पुरेसा मानू नका, मूरिंगच्या मालकाकडून लेखी घ्या.

मूरिंग नको असेल तर दुसरा मार्ग म्हणजे कंटिन्युअस क्रूझिंग. 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार बोट खऱ्या अर्थाने प्रवासासाठी वापरली गेली पाहिजे आणि एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. काही ठिकाणी पाटीवर याहून कमी दिवस लिहिलेले असतात. नेमके किती मैल, हे कायद्यात नाही. पण लायसन्सच्या मुदतीत 20 मैलांपेक्षा कमी टापूत फिरणाऱ्याचा प्रवास खरा मानणं अवघड, असं ट्रस्ट सांगतो आणि बहुतेकांकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवतो. दोन पुलांमध्ये येरझाऱ्या घातलेल्या चालत नाहीत. इंजिन बिघडलं, पाणी गोठलं, आजारपण आलं तर मुदतवाढ मागता येते. नोकरी किंवा मुलांची शाळा जवळ हवी, हे कारण मात्र धरलं जात नाही. रोज एकाच गावी कामाला जायचं असेल, मुलं शाळेत असतील, तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही, हे स्वतःशी आत्ताच कबूल केलेलं बरं. एप्रिल 2024 पासून मूरिंग नसलेल्या बोटींना लायसन्सवर जादा आकार लागू झाला आणि तो टप्प्याटप्प्याने वाढत जाणार आहे. तेव्हा ‘मूरिंगचं भाडं वाचतं’ हा हिशेब आता पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही.

लांबी-रुंदी

नॅरोबोटची रुंदी 6 फूट 10 इंच असते, कारण मिडलंड्समधली अरुंद लॉक्स, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून बोट चढवणारे-उतरवणारे दारांचे हौद, जेमतेम 7 फूट रुंद आहेत. इन्सुलेशन आणि लाकडी अस्तर लागल्यावर आत सहा फुटांच्या आसपास जागा उरते. एवढ्याच रुंदीत स्वयंपाकघर, पलंग, संडास-बाथरूम सगळं बसतं. बघायला जाल तेव्हा दोघांनी एकमेकांना ओलांडून जाऊन बघा. रोज हेच करावं लागणार आहे.

57 फूट लांबीची नॅरोबोट जोडलेल्या कालव्यांवर जवळपास सगळीकडे जाते. ही लांबी उत्तरेतल्या आखूड लॉक्सवरून ठरली आहे, मुख्यतः कॅल्डर अँड हेबलवरच्या. 70 फुटी बोटीत एक जादा खोली मिळते, पण लीड्स अँड लिव्हरपूलच्या बऱ्याच लॉक्समध्ये ती मावत नाही.

दहा-बारा फूट रुंदीची वाइडबीम आत शिरल्यावर खरंच फ्लॅटसारखी वाटते आणि बघणारा लगेच भुलतो. तिची अडचण नकाशावर दिसते. दक्षिणेतून उत्तरेकडे जाताना लेस्टरच्या वाटेवर वॉटफर्ड आणि फॉक्स्टन इथल्या लॉक्सच्या पायऱ्या अरुंद आहेत. वाइडबीम तिथेच थांबते. केनेट अँड एव्हनवर घेतलेली वाइडबीम यॉर्कशरला न्यायची तर क्रेनने उचलून ट्रेलरवरच चढवावी लागते. एकाच रुंद कालव्यावर, पक्क्या मूरिंगवर राहायचं असेल तर वाइडबीम घ्या. फिरायचं असेल तर घेऊ नका.

मागच्या डेकचे तीन प्रकार: ट्रॅडिशनलमध्ये डेक लहान आणि आतली जागा जास्त, क्रूझरमध्ये डेक मोठा पण उघडा, सेमी-ट्रॅड मधला. बारा महिने राहणाऱ्याला आतली जागा आणि पावसात कोरडी राहणारी इंजिनरूम जास्त कामाची.

तळ

जाहिरातीत ‘10/6/4’ असं लिहिलेलं असतं. अर्थ असा: तळाची प्लेट 10 मिलिमीटर, बाजू 6, केबिन 4. हे बांधतानाचे आकडे. आज किती उरलंय ते बोट पाण्याबाहेर काढूनच कळतं. त्यासाठी सर्व्हेअर तुम्ही निवडायचा, पैसे तुम्ही द्यायचे आणि रिपोर्ट तुमच्या नावावर घ्यायचा. विक्रेत्याने दाखवलेला जुना रिपोर्ट माहितीपुरता ठीक. त्या सर्व्हेअरची जबाबदारी ज्याने काम दिलं त्याच्यापुरती असते, त्यात चूक निघाली तर तुम्हाला दाद मागता येत नाही. ड्राय डॉक किंवा क्रेनचा खर्च सर्व्हेअरच्या फीशिवाय वेगळा असतो. तोही आधीच विचारा.

शक्य असेल तर सर्व्हेच्या दिवशी हजर राहा. बोट टेकूंवर चढली की आधी प्रेशर वॉशरने शेवाळ आणि शिंपले निघतात. मग सर्व्हेअर टोकदार हातोडीने ठोकत जातो. जाड पोलाद खणखणीत वाजतं, पातळ झालेलं बद्द वाजतं. ठराविक अंतरावर काळा लेप खरवडून तो चकचकीत धातू उघडा करतो, त्यावर जेल लावून अल्ट्रासोनिक मीटरचा गोल टोकाचा प्रोब टेकवतो आणि आकडा लिहून घेतो: 5.6, 5.4, 5.5. मध्येच 4.1 आला की त्याच्या आजूबाजूला आणखी चार ठिकाणी मोजतो. सरासरी आकड्याने हुरळून जायचं नाही. बोट बुडते ती एका खोल खड्ड्यामुळे. गंजाचे असे खड्डे पाण्याच्या रेषेवर आणि तळाच्या कडेला जास्त सापडतात, तेव्हा रिपोर्टमध्ये सर्वात खोल खड्डा किती मिलिमीटरचा आणि कुठे, हे लिहिलेलं पाहिजे.

पाण्याखाली 4 मिलिमीटरपेक्षा कमी जाडी निघाली की विमा कंपन्या सहसा हात आखडता घेतात. मग उपाय म्हणून ओव्हरप्लेटिंग सुचवलं जातं, म्हणजे जुन्या प्लेटवर नवी वेल्ड करणं. नीट केलेलं काम वर्षानुवर्षं टिकतं, पण त्याने वजन वाढतं आणि बोट खाली बसते. केबिनमधलं किंवा इंजिनरूमचं वायुवीजनाचं भोक पाण्याच्या किती जवळ आलं, ते मग मोजावंच लागतं. अर्धवट, ठिगळासारखं प्लेटिंग दिसलं तर त्या दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरलं असण्याची शक्यता धरा. वेल्डिंगच्या आचेने आतलं फोम इन्सुलेशन पेट घेऊ शकतं, म्हणून असं काम आतलं अस्तर काढल्याशिवाय करणाऱ्याला देऊ नका.

गंज वेगाने का वाढतो याचं एक कारण सहज नजरेतून सुटतं. मरीनाच्या वीजजोडणीतली अर्थ वायर शेजारच्या बोटींना एकमेकींशी जोडते आणि कालव्याच्या पाण्यात नकळत बॅटरी तयार होते. तुमचे ॲनोड (पोलादाऐवजी आधी झिजावेत म्हणून बोटीला बाहेरून लावलेले धातूचे तुकडे) शेजाऱ्याच्या बोटीसाठी झिजतात, ते संपले की तुमचं पोलाद. ही जोडणी तोडायला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हवा, त्याहून चांगला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. गोड्या पाण्यात ॲनोड मॅग्नेशियमचेच लागतात. बिटुमेनचा काळा लेप दर दोन-तीन वर्षांनी करावा लागतो, इपॉक्सीचा त्याहून बराच जास्त टिकतो. शेवटचा लेप कधी झाला याचं बिल मागा.

बोट सेफ्टी सर्टिफिकेट चार वर्षांचं असतं आणि ते गॅस, इंधन, वीज, आग यांपुरतं. तळाशी त्याचा काडीचा संबंध नाही. ‘सर्टिफिकेट आहे, सर्व्हे कशाला?’ असं कोणी म्हटलं तरी सर्व्हे कराच.

आत गेल्यावर

केबिनच्या मागच्या टोकाला, फरशीत एक छोटं झाकण असतं. ते उघडा. बोट मागे किंचित झुकलेली असल्याने फरशीखालचं सगळं पाणी तिथेच येतं. हात घालून बघा. कोरडं असेल तर उत्तम. पाणी असेल तर ते खिडकीचं, नळाचं, शॉवरचं की तळातलं, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. झाकणच नसेल तर सर्व्हेअरला सांगून फळी उचलायला लावा.

खिडक्यांखालच्या लाकडावर काळपट ओघळ म्हणजे सील गेले. जुन्या बोटींत इन्सुलेशन थर्माकोलचं असतं. ते वायरच्या पीव्हीसी आवरणाला चिकटून राहिलं तर आवरण कडक होऊन तडकतं. स्प्रे फोम अधिक चांगला, कारण पोलाद आणि अस्तर यांच्यात ओल धरायला पोकळी राहत नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं. फोनवरच बजावून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर इंजिनला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. सुरू होताना थोडा धूर चालतो, पण गरम झाल्यावरही निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. प्रोपेलरच्या शाफ्टभोवती पाणी अडवणारी स्टर्न ग्लँड चालताना थोडी ठिबकली तर हरकत नाही. बोट उभी असतानाही ठिबकत असेल तर दुरुस्ती हवी.

विजेचा हिशेब कागदावर मांडा. 12 व्होल्टचा फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, लॅपटॉप, फोन मिळून दिवसाला 100 अँपिअर-अवर सहज जातात. लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्याच्या खाली वारंवार उतरवल्या तर लवकर मरतात, म्हणून 400 अँपिअर-अवरचा संच धरला तरी हाती 200 च येतात. उन्हाळ्यात 400 वॉटचं सोलर हे सगळं भरून काढतं, डिसेंबरमध्ये त्याचा भरवसा नाही. तेव्हा इंजिन चालवावं लागतं, आणि मूरिंगवर उभं असताना रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन चालवायचं नाही असा ट्रस्टचा नियम आहे. लिथियम बॅटऱ्या बसवलेल्या असतील तर चार्जिंगच्या वाटेत डीसी-टू-डीसी चार्जर आहे का ते विचारा. थेट जोडलेल्या लिथियममुळे अल्टरनेटर तापून जळतो.

संडासाबद्दल संकोच न करता विचारा, रोजचा प्रश्न आहे. पंप-आऊटची (पंपाने उपसून रिकामी करायची) टाकी मोठी, आठवडेच्या आठवडे चिंता नाही. पण कालवा गोठला की बोट पंपापर्यंत जात नाही. कॅसेट, म्हणजे काढता येणारी छोटी टाकी, जेमतेम 20 लिटरची, दोघांना तीन-चार दिवस पुरते, पण हातात उचलून चालत नेता येते. बारमाही राहणाऱ्याने कॅसेट घ्यावी आणि दोन जादा ठेवाव्यात. मल-मूत्र वेगळं ठेवणारा संडास असेल तर लक्षात ठेवा, त्यातला घन भाग ट्रस्टच्या कचरापेटीत टाकायला आता बंदी आहे.

उष्णतेचे दोन स्वतंत्र मार्ग असावेत, साधारणपणे घन इंधनाची शेगडी आणि डिझेल हीटर. ऐन थंडीत एक बंद पडतोच. गॅससाठी प्रोपेन वापरा, ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास सिलिंडरबाहेरच येत नाही. झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. 2019 पासून तो सेफ्टी तपासणीत सक्तीचा आहे.

कागद आणि पैसे

बोटीला गाडीसारखं मालकीपत्र नसतं. लायसन्स कोणाच्या नावावर आहे यावरून मालकी सिद्ध होत नाही. म्हणून आधीच्या खरेदीची पावती, त्यामागची पावती, दुरुस्तीची बिलं अशी साखळी मागा आणि बोटीवर कर्ज थकलेलं नाही असं लेखी घ्या. जून 1998 नंतर बांधलेल्या बोटीचे अनुरूपतेचे, म्हणजे ती ठरलेल्या मानकांनुसार बांधल्याचे, कागद असायला हवेत. घराचं कर्ज बोटीवर मिळत नाही, मरीन लोन मिळतं आणि त्याची मुदत कमी असते.

क्रम असा: लेखी ऑफर ‘सर्व्हेच्या अधीन’ या शब्दांसह, मग साधारण 10 टक्के डिपॉझिट, तेही ब्रोकरच्या वेगळ्या क्लायंट खात्यात. डिपॉझिट कोणत्या परिस्थितीत परत मिळेल ते करारात वाचा. मग सर्व्हे, त्यात निघालेल्या दुरुस्तीवर किमतीची घासाघीस, आणि शेवटी पूर्ण रक्कम देऊन सहीची विक्रीपावती. सेफ्टी सर्टिफिकेट बोटीबरोबर येतं, लायसन्स येत नाही, ते तुमच्या नावाने नवं काढावं लागतं. विमा ताबा घ्यायच्या दिवसापासून सुरू हवा. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के तरी पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

ताबा घ्यायचा महिनाही बघून ठरवा. नोव्हेंबर ते मार्च ट्रस्ट काही लॉक्स दुरुस्तीसाठी बंद ठेवतो, तेव्हा बोट तुमच्या मूरिंगपर्यंत पोचणार का ते बंदच्या यादीवरून तपासा. निघताना लॉकच्या झडपा उघडायचं हँडल, म्हणजे विंडलस, दोन घ्या, एक पाण्यात पडतंच. ट्रस्टच्या पाणी भरायच्या आणि एल्सनच्या (कॅसेट रिकामी करायच्या) जागा उघडणारी किल्ली विक्रेत्याकडून आठवणीने मागून घ्या. आणि प्रोपेलरमध्ये अडकलेलं काढायला मागचं वीड हॅच उघडलंत तर बंद करून, दाबून, पुन्हा हाताने हलवून बघितल्याशिवाय इंजिन गिअरमध्ये टाकू नका. ते सैल राहिलं तर प्रोपेलरच फेकलेलं पाणी इंजिनरूम भरून टाकतं आणि काही मिनिटांत बोट मागून बसते.