छान लिहिलंय, मग गूगलवर का सापडत नाही? ब्लॉग लिहिणाऱ्यांनो, या चुका टाळा

बरीच वर्षं मी नाशिकबद्दल मराठीत ब्लॉग लिहितोय, कुठं फिरायचं, कुठं खायचं, द्राक्षाच्या हंगामात काय बघायचं असं सगळं, आणि ओळखीतल्या चारपाच जणांचे ब्लॉगही अधूनमधून बघून देतो. सगळ्यांचं दुखणं एकच, एवढं जीव ओतून लिहितो पण गूगलवरून कोणी येतच नाही. प्रत्येक वेळी शेजारी बसून बघितलं की लिखाण चांगलंच असतं, गाडी अडलेली असते भलतीकडेच. आणि मराठीत लिहिणाऱ्यांच्या काही चुका तर इंग्रजी एसइओच्या, म्हणजे गूगलवर वर कसं यायचं ते शिकवणाऱ्या, व्हिडिओत सापडतच नाहीत, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्याला त्या होतच नाहीत, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

आधी हे बघा, गूगलला तुमचा ब्लॉग दिसतो तरी का

ही चूक माझ्याच ब्लॉगवर झालेली आहे. मी एकदा डिझाइन बाहेरून बदलून घेतलं. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधे रीडिंगच्या पानावर अगदी खाली एक टिक असते, ती केली की सर्च इंजिनला सांगितलं जातं की ही साइट इंडेक्स करू नका, म्हणजे तुमच्या यादीत घेऊ नका. काम अर्धवट असताना ती करून ठेवतात, ते बरोबरच आहे, पण काम झाल्यावर ती काढायची राहून गेली आणि मला ते माहीतच नव्हतं. पुढचे तीन महिने मी नवीन पोस्ट टाकत राहिलो आणि जुन्या एकेक करून गूगलमधून गळत गेल्या. मला वाटलं गूगलचं काहीतरी अपडेट आलंय, म्हणून टायटल बदलली, परिच्छेद बदलले, रात्र रात्र बसलो, आणि शेवटी कळलं तेव्हा ती टिक काढायला पाच सेकंद लागले. पानं परत यायला मात्र अजून कित्येक आठवडे गेले आणि जानेवारी ते मार्चचा अख्खा द्राक्षाचा हंगाम हातचा गेला.

म्हणून पोस्टचे शब्दबिब्द बघायच्या आधी सर्च कन्सोलला, म्हणजे साइट चालवणाऱ्यांसाठी गूगलनेच दिलेल्या साधनात, जा, वरच्या पट्टीत आपल्या पोस्टची लिंक टाका आणि ती इंडेक्समधे आहे की नाही ते बघा. हे फुकट आहे आणि ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग सेवेवर लिहिणाऱ्यांनाही चालतं. ब्लॉगरमधे सेटिंग्जच्या प्रायव्हसीखाली सर्च इंजिनला दिसू द्यायचं की नाही असं एक बटण असतं, ते चालू पाहिजे. नोइंडेक्स, म्हणजे इंडेक्स करू नका, असं उत्तर आलं तर वर सांगितलेलं सापडलं समजा. रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे सर्च इंजिनने साइटच्या कुठल्या भागात यायचं नाही ते सांगणाऱ्या, फाइलमुळे अडलंय असं आलं तर ती फाइल दुरुस्त करा. इथं एक गोम आहे, काही जण एखादं पान गूगलमधून काढायचं म्हणून दोन्ही एकदम लावतात, पण रोबोट्सच्या फाइलने दारच बंद केलं तर आत लिहिलेलं नोइंडेक्स गूगल वाचणार कसं, त्यामुळे पान नुसत्या लिंकच्या रूपात तसंच लटकत राहू शकतं.

आणि गूगलने पान वाचलंय पण सध्या इंडेक्स केलेलं नाही असा शेरा आला असेल तर तो तांत्रिक बिघाड असेलच असं नाही. बहुतेक वेळा त्या पानावर नवीन काही नसतं किंवा तुमच्याच दुसऱ्या पोस्टमधे तेच लिहिलेलं असतं. तिथं रिक्वेस्ट इंडेक्सिंगचं बटण रोज दाबून काही होत नाही, पोस्टमधे भर घाला.

लोकांचा शब्द तुमच्या पोस्टमधे आहे का

माझा एक मित्र दिंडोरी तालुक्यात द्राक्ष बागायतदार आहे, स्वतःच्या बागेचे अनुभव लिहितो, आणि त्याच्याइतकं बारकाईने लिहिणारे मी कमी बघितलेत. त्याची एक पोस्ट होती, द्राक्षावरील केवडा रोगाचे एकात्मिक व्यवस्थापन. पाऊस पडल्यावर किती तासात बागेत फिरायचं, पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग कसे दिसतात, पान उलटलं की खाली पांढरी बुरशी कशी असते, सगळं फोटोसकट. वर्षभरात गूगलवरून जेमतेम पाचपन्नास माणसं आली.

आम्ही चहाच्या टपरीवर बसलो होतो, मी म्हटलं बाबा, यावर्षी अवकाळीने सगळीकडे डावणी डावणी चाललंय, तू डावणीवर का नाही लिहीत. तो म्हणाला, अरे लिहिलंय की, तीच तर पोस्ट आहे. मी मोबाइलवर त्याची पोस्ट उघडली, ब्राउझरच्या फाइंड इन पेजमधे डावणी टाकलं, उत्तर आलं शून्य. बावीसशे शब्दांच्या लेखात डावणी हा शब्द एकदाही नव्हता. तो स्वतः दिवसभर बागेत डावणी म्हणतो, दुकानात औषध मागताना डावणी म्हणतो, पण लिहायला बसला की कृषी विद्यापीठाच्या पुस्तकातली भाषा येते.

हे आपल्या सगळ्यांचं होतं हो. लिहायचं म्हटलं की आपण शाळेच्या निबंधाची मराठी काढतो आणि शोधणारा माणूस मात्र बोलतो तसंच टाइप करतो, हल्ली तर माइक दाबून बोलूनच शोधतो. गूगल समानार्थी शब्द बऱ्यापैकी जुळवतो हे खरं आहे, पण नाशिकच्या बागेतल्या बोलीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

मित्राने मग टायटल बदललं, पावसानंतर द्राक्षावर डावणी आली तर पहिल्या दोन दिवसात काय करायचं, असं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की डावणी म्हणजेच केवडा, यालाच डाऊनी मिल्ड्यू म्हणतात. बास, तिन्ही शब्द एकदा आले. फोटोंची नावं कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांची होती ती बदलली, आणि ऑल्ट टेक्स्टमधे, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगायच्या रकान्यात, लिहिलं, डावणीचे तेलकट डाग पडलेलं थॉमसनचं पान. बाकी लेख जसाच्या तसा ठेवला. पुढच्या पावसाळी हवेत त्याला शेजारच्या तालुक्यातून फोन यायला लागले.

आता याचा उलटा अर्थ कोणी काढू नका. डावणी शब्द चांगला चालतो म्हणून प्रत्येक वाक्यात डावणी डावणी कोंबायचं, शेवटी शंभर टॅग लावायचे, ते वाचणाऱ्यालाही नको होतं आणि गूगलच्या नियमात तो स्पॅम आहे. मेटा कीवर्ड नावाचा जो रकाना अजून काही जण भरत बसतात तो गूगल रँकिंगसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ सालीच जाहीर केलंय.

शब्द सापडायची जागा सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्समधे आहे. तिथं लोकांनी नेमकं काय टाइप केल्यावर तुमचं पान दिसलं ते दिसतं. इंप्रेशन भरपूर आणि क्लिक अगदी कमी अशी ओळ सापडली की ती सोन्याची समजा, म्हणजे लोक शोधतायत, तुम्ही दिसताय, पण टायटल वाचून कोणाला आत यावंसं वाटत नाही. माझ्या मिसळीच्या पोस्टचं नाव होतं वाफाळत्या सकाळची गोष्ट. मला फार आवडायचं ते नाव, पण गंगापूर रोडला चुलीवरची मिसळ कुठं मिळते असं शोधणाऱ्याला त्यातून काय कळणार.

मजकूर दिसतोय, पण तो मजकूर आहे का

ही खास आपली मराठीची अडचण. डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलेला मजकूर बऱ्याचदा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधे असतो. तुमच्या स्क्रीनवर तो फॉन्ट असला की मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते आणि गूगल तीच वाचतो. तपासायची सोपी रीत सांगतो, पोस्टमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअपवर स्वतःलाच पाठवा. तिथं नीट मराठी आली तर ठीक, कचरा आला तर गूगललाही कचराच दिसतोय. कन्व्हर्टर मिळतात, फक्त बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्याखालून घाला, तिथं हमखास घोळ होतो.

दुसरं म्हणजे सगळी माहिती पोस्टरच्या इमेजमधे टाकणं. कार्यक्रमाची तारीख, बसच्या वेळा, दर, सगळं रंगीत पोस्टरवर आणि खाली फक्त "अधिक माहितीसाठी फोटो पहा". पोस्टर ठेवा, पण तोच मजकूर खाली टाइपही करा.

पोस्टची लिंक

ब्लॉगरवर मराठी टायटल दिलं की लिंकमधे नुसतं ब्लॉग-पोस्ट आणि पुढे आकडे येतात, कारण त्याला देवनागरी घेता येत नाही. वर्डप्रेस देवनागरी घेतो, पण ती आत टक्क्याच्या चिन्हांमधे बदलते, एकेका अक्षराची नऊ चिन्हं होतात, काना-वेलांटीसुद्धा वेगळी मोजायची. म्हणजे नाशिक एवढ्याच शब्दाची पंचेचाळीस झाली. वर्डप्रेसची मर्यादा दोनशे चिन्हांची, त्यामुळे बावीसेक अक्षरांनंतर लिंक मधेच तुटते. गूगलला देवनागरी लिंक चालते, तिचं वावडं नाही, पण व्हॉट्सअपवर ती लांबलचक लिंक बघून लोक फसवणुकीची समजतात, त्यामुळे मी तरी पब्लिश करायच्या आधी तीनचार शब्दांची रोमन लिंक हाताने टाकतो.

हे वाचून आज रात्री सगळ्या जुन्या लिंका बदलायला बसू नका! जुनी लिंक बदलायचीच असेल तर जुन्यावरून नवीनवर आपोआप नेणारं ३०१ रीडायरेक्ट पाहिजेच, नाहीतर इतरांनी दिलेल्या लिंका, लोकांनी ग्रुपवर पाठवलेल्या लिंका, सगळ्या एका झटक्यात मरतात. चालू आहे ते चालू द्या, नवीन पोस्टपासून सुरू करा.

जड फोटो

मोबाइलचा फोटो चार हजार पिक्सेल रुंद आणि चारपाच एमबीचा असतो, आणि लोक तो तसाच चढवतात, असे दहा फोटो. सुरगाणा, कळवणकडे एका दांडीच्या नेटवर्कवर ते पान उघडेल का सांगा. बाराशे पिक्सेल रुंदी पुरते, वेबपी या हलक्या फॉरमॅटमधे करून टाका. गूगलच्या हिशोबात पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदात दिसला पाहिजे, आणि तो भाग म्हणजे बहुतेक वेळा वरचा पहिला फोटो, तर नेमका त्यालाच लेझी लोड, म्हणजे तिथवर सरकल्यावरच फोटो उघडायची सोय, लावायची चूक करू नका, ते खालच्या फोटोंना लावा. जाहिरातीला जागा आधीच राखून ठेवा, नाहीतर वाचता वाचता मजकूर खाली सरकतो.

सिंहस्थाच्या पोस्ट

२०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय त्यामुळे नाशिक-त्र्यंबकवर लिहिणारे सगळेच जोरात आहेत, आणि तिथं मला दोन गोष्टी सारख्या दिसतायत. एक म्हणजे २०१५ ची पोस्ट घ्यायची, वरची तारीख बदलायची, आत पार्किंग आणि बसची माहिती मात्र तेव्हाचीच. यात गूगलचं राहू द्या, म्हातारी आईवडील घेऊन आलेलं कोणीतरी त्या माहितीवर विसंबून चुकीच्या ठिकाणी उतरेल याचा विचार करा. लिंकमधे साल न टाकता एकच पान ठेवा, ते खरोखर अपडेट करा, जुनं आहे ते जुनं म्हणून वेगळं लिहा.

दुसरी म्हणजे सिडकोतून रामकुंड, सातपूरहून रामकुंड, अंबडहून रामकुंड अशी पंधरा पानं, गावाचं नाव सोडलं तर सगळं सारखं. नाहीतर इंग्रजी लेख मशीनने भाषांतर करून शेकड्याने टाकायचे. या दोन्ही गोष्टी गूगलच्या स्पॅमच्या नियमांमधे स्पष्ट लिहिलेल्या आहेत, आणि त्याचा फटका तुमच्या चांगल्या पोस्टलाही बसू शकतो. तुम्ही पंचवटीत राहता ना, मग पहाटे घाटाकडे चालत कुठल्या गल्लीतून जायचं हे तुम्हीच सांगू शकता, ते लिहा.

बाकी किरकोळ. "इथे क्लिक करा" असं लिहून लिंक देऊ नका, लिंकच्या शब्दातच कळू द्या की पुढे काय आहे. नवीन पोस्ट टाकली की दोनतीन जुन्या पोस्टमधून तिला लिंक द्या. आणि पहिल्या पानावर आणायची गॅरंटी देणारे फोन आले तर ठेवून द्या, अशी गॅरंटी कोणी देऊ शकत नाही हे खुद्द गूगलच सांगतं.

शेवटचं, आकडे घसरले की घाबरून लगेच पोस्टमधे ढवळाढवळ करणं. द्राक्षाची पोस्ट मे महिन्यात पडणारच, तेव्हा द्राक्षं कोण शोधणार! सर्च कन्सोलमधे सोळा महिन्यांचा डेटा असतो, त्यात मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. बदल केलाच तर कधी आणि काय केला ते वहीत लिहा, आणि पुढचे काही आठवडे त्या पोस्टला हात लावू नका. मित्र आता गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठी करतात त्या छाटणीच्या, पोस्ट ऑक्टोबरमधे न टाकता ऑगस्टमधेच तयार करून टाकतो, म्हणजे बागेत कात्र्या चालू होईपर्यंत त्या गूगलमधे जाऊन बसलेल्या असतात.