घरचा टमाटा हायब्रीड की सरळ वाण, कसं ओळखायचं

सोलापुरात कुणालाही विचारा गावरान टमाटा कसा असतो, लगेच उत्तर येतं: चपटा, फाका पडलेला, पातळ सालीचा आणि आंबट. आणि हायब्रीड म्हणजे लांबट, जाड सालीचा, आठ दिवस टोपलीत पडला तरी टणक. लक्ष्मी मार्केटमधे याच हिशोबाने दोन ढीग लागतात आणि आमटी-चटणीपुरतं ते चालूनही जातं. पण गच्चीवर किंवा परसात लावलेल्या झाडाचं बी धरून पुढच्या वर्षी लावायचं असेल तर या खुणांवर अजिबात जाऊ नका. रोमा हा वाण लांबट, जाड सालीचा, गरदार असतो आणि तो सरळ वाण आहे, म्हणजे त्याचं बी लावलं की तसंच झाड येतं. उलट चपटी आंबट फळं देणारे हायब्रीडही दुकानात मिळतात, कारण गिऱ्हाईक तेच मागतं. फळाचा आकार बघून कळत नाही, हे आधी पक्कं करा.

मग फरक कशात आहे? फरक बियात आहे. टमाट्याच्या फुलात मधे पिवळा सुळका दिसतो, ते पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेली नळी असते आणि स्त्रीकेसर बहुतेक वेळा तिच्या आतच असतो, त्यामुळे वाऱ्याने किंवा भुंग्याने फूल हललं की स्वतःचाच पराग स्वतःवर पडतो. म्हणून सरळ वाणाचं बी लावलं की पोरं आईसारखीच निघतात, वर्षानुवर्षं. हायब्रीडमधे दोन वेगळे वाण आई-बाप म्हणून घेतात. कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने तो पिवळा सुळका अलगद काढून टाकायचा आणि नंतर दुसऱ्या वाणाचा पराग बोटाने किंवा काडीने त्या उघड्या टोकाला लावायचा, असं एकेका फुलाला. कर्नाटकात राणेबेन्नूर भागात, आपल्याकडे बुलढाण्याच्या देऊळगाव राजा परिसरात शेतकरी हे काम करतात आणि हायब्रीड बी इतकं महाग का हे ते बघितल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. या बियाची पहिली पिढी म्हणजेच एफ-१.

आता ओळखायला सुरुवात पाकिटापासून करा. पाकिटावर एफ-१, हायब्रीड किंवा संकरित यातलं काही लिहिलं असेल तर विषय संपला, ते हायब्रीड. नुसतं सुधारित, ओपी (ओपन पॉलिनेटेड, म्हणजे सरळच) किंवा सरळ वाण असेल तर बी धरता येतं. समोर मोठ्या अक्षरात फक्त नाव असेल तर पाकीट उलटं करून लॉट नंबर आणि उगवणशक्ती छापलेला बारीक मजकूर वाचा, तिथे वाणाचा प्रकार सापडतो. लेबलच्या रंगावरून मात्र ठरवू नका, निळं लेबल प्रमाणित म्हणजे सरकारी यंत्रणेने तपासलेल्या बियाण्याचं, हिरवं सत्यप्रत म्हणजे कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या बियाण्याचं, त्याचा हायब्रीड असण्या-नसण्याशी संबंध नाही. बियाला लागलेला गुलाबी-निळा रंग बुरशीनाशकाचा असतो, तो दोन्हीला लावतात (हाताळल्यावर हात मात्र साबणाने धुवा).

नावं लक्षात ठेवली तर दुकानात अर्धं काम होतं. पुसा रुबी, अर्का विकास, राहुरी कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे सरळ वाण आहेत. राहुरीचाच फुले राजा आणि बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हे हायब्रीड आहेत. म्हणजे सरकारी संस्थेचं बी आहे ना मग सरळच असणार, ही समजूतही सोडा. आपला जिल्हा राहुरी विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात येतो, त्यामुळे धनश्री-भाग्यश्रीची चौकशी कृषी विज्ञान केंद्रात करायला हरकत नाही.

नर्सरीतून ट्रेमधली रोपं आणली तर तिथेच वाणाचं नाव विचारून घ्या आणि कुंडीवर मार्करने लिहून ठेवा. नाव सांगता आलं नाही तर हायब्रीड समजूनच चला, कारण शेतकऱ्यांसाठी भरलेल्या ट्रेमधे बहुतेक तेच असतं. आणि हो, सगळी रोपं एकसारखी आहेत म्हणून हायब्रीड, असंही काही नसतं, शुद्ध सरळ वाणही तितकाच एकसारखा येतो. झाड छातीएवढं वाढतंय का गुडघ्याएवढंच राहतंय यावरूनही कळत नाही. फळ खालून काळं पडतंय तर तो वाणाचा पुरावा नाही, आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, कुंडी एकदा वाळते एकदा भरते आणि त्यात झाडाला कॅल्शियम नीट पोचत नाही, म्हणून तसं होतं. मातीवर वाळलेल्या पाल्याचा जाड थर टाका, बरंच थांबतं.

आता खरी गोष्ट. पाकीट नाही, नाव माहीत नाही, शेजारच्या काकूंनी बी दिलंय किंवा खरकटं टाकलं तिथे आपोआप रोप आलंय आणि फळ मस्त आहे, तर त्याची पोरं लावून बघणं हा घरी करता येण्यासारखा एकच खात्रीचा उपाय आहे. एकाच झाडाचं, एकच पूर्ण पिकलेलं फळ घ्या आणि त्याच्या बियातून कमीत कमी बारा रोपं वाढवा. बाराच का, तर हायब्रीडच्या आई-बापातला एखादा गुण एफ-१ मधे दबून राहतो आणि पुढच्या पिढीत साधारण चारात एका झाडावर वर येतो. चारच रोपं लावली तर तो गुण एकाही झाडावर न दिसण्याची शक्यता शंभरात बत्तीसच्या आसपास असते, बारा लावली की ती तीनवर येते. गच्चीवर जागा नसेल तर दोघा-तिघांत वाटून लावा, फक्त कुंड्या एकाच मापाच्या, माती तीच आणि ऊन सारखं हवं.

वेळ पण सांभाळा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमधे बी टाका, महिन्याभराने रोपं मोठ्या कुंडीत हलवा, जानेवारीत आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास फळं पिकायला लागतात. जानेवारीत लगेच दुसरी पिढी टाकायची घाई करू नका, ती मार्च-एप्रिलच्या उन्हात फुलावर येते आणि दिवसाचं तापमान पस्तीसच्या वर गेलं की फुलं गळतात, मग बघायला फळच राहत नाही.

बघायचं काय तर पान, वाढ आणि फळ. एखाद्या रोपाचं पान बटाट्याच्या पानासारखं सपाट कडांचं आलंय का, एक झाड वाढतच चाललंय आणि दुसरं चार गुच्छ देऊन थांबलंय का, कच्च्या फळाच्या देठाजवळ गडद हिरवी टोपी एकाला आहे आणि एकाला नाही असं झालंय का. फळ आडवं कापून कप्पे मोजा, एका झाडाच्या फळात दोनच आणि दुसऱ्याच्यात सहा-सात निघाले तर मूळ झाड जवळजवळ नक्की हायब्रीड होतं. एखाद-दुसरंच वेगळं निघालं तर ते भुंग्याने आणलेल्या परक्या परागाचंही असू शकतं. फळ लहान-मोठं झालं तर लगेच निकाल लावू नका, ते पाण्यावरही ठरतं. बाराही झाडं पान, वाढ, आकार, कप्पे सगळ्यात सारखी निघाली तर तो सरळ वाण समजायला हरकत नाही. हायब्रीडचे आई-बापच एकमेकांसारखे असले तर पोरांत फरक कमी दिसतो, म्हणून मी दुसऱ्या वर्षीही एकदा बघायला सांगेन.

हायब्रीडचं बी उगवतच नाही असं जे ऐकता ते खरं नाही, उगवतं, फळंही लागतात, फक्त कोणतं झाड कसं निघेल ते सांगता येत नाही. आणि हायब्रीड म्हणजे जीएम (प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं) नव्हे, जीएम टमाट्याच्या लागवडीला आपल्या देशात परवानगीच नाही. पांढऱ्या माशीने पानं मुरडण्याचा रोग तुमच्याकडे दरवर्षी येत असेल तर अर्का रक्षकसारखा रोगाला तग धरणारा हायब्रीड खुशाल लावा. मला स्वतःला मात्र घरी एक तरी सरळ वाण हवाच वाटतो, आपल्या गच्चीवरच्या उन्हात टिकलेल्या झाडाचं बी आपल्याच हातात राहतं, विकत आणायला लागत नाही.

सरळ वाण ठरला की बी असं धरा. निरोगी झाडाच्या फुलाच्या गुच्छाला कळीतच जाळीची पिशवी बांधा, फळ धरलं की पिशवी काढा आणि देठाला दोरा बांधून खूण ठेवा. फळ पूर्ण पिकलं की गर काचेच्या भांड्यात काढून एक-दोन दिवस ठेवा, वर बुरशीचा पातळ थर येतो आणि बियाभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं. मग पाणी घालून ढवळा, जड बी खाली बसतं, तरंगणारं फेकून द्या. धुतलेलं बी स्टीलच्या ताटात सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटून बसतं. खडखडीत वाळलं की पुडीवर वाण आणि वर्ष लिहा, घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमधे ठेवा, आपल्या मे महिन्यात कपाटातलं बी लवकर म्हातारं होतं. फ्रिजमधलं चार वर्षं सहज चालतं.