स्टिअरिंग जड झालंय? मोटर बदलण्याआधी अर्थिंग बघा

पावसाळ्यात परभणीकडच्या काळ्या रानातून गाडी काढली की इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग जड लागतं आणि लगेच मोटर बदलायचा सल्ला मिळतो. घाई करू नका. आधी चाकांना लिंपलेली माती काढा, पुढच्या टायरची हवा तपासा.

मग व्होल्ट मोजायचं मल्टिमीटर घ्या. स्टिअरिंगला जोर देणारी ही मोटर 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि जागेवर चाक वळवताना भरपूर करंट ओढते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. आता मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा आणि कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या वायरीची, जोडणी खराब आहे. माझ्या गाडीत या वायरीच्या बोल्टखाली चिखल वाळून बसला होता, वायरीच्या टोकावर हिरवट भुकटी साचलेली. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ते टोक पॉलिश पेपरने चकचकीत घासलं, बोल्ट घट्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. स्टिअरिंग पुन्हा पहिल्यासारखं हलकं!

आणि गाडी रुतली तर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण ओढून धरू नका. मोटर तापली की तिला वाचवायला कंट्रोलरच (मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जोर कमी करतो. दहा-पंधरा मिनिटं निवू द्या.