एक्सपी होमवर वेबसर्व्हर, इंटरनेट न जोडता

आमच्या डीटीपीच्या दुकानातलं एक मशीन अजून विंडोज एक्सपी होमवर आहे. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर हार्डलॉकवर, म्हणजे मशीनला लावायच्या किल्लीसारख्या छोट्या उपकरणावर, चालतं आणि नवीन विंडोज तो लॉक ओळखत नाही, मग करणार काय! त्यावर मी वेबसर्व्हर (ब्राउझरला फाइली पुरवणारं सॉफ्टवेअर) बसवला तो एवढ्यासाठीच, की लग्नपत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाइकाला काउंटरवरच्या टॅबवर दाखवता यावं. टॅबला ब्राउझर पुरतो, दुसरं काही टाकावं लागत नाही.

आधी मशीन इंटरनेटपासून तोडा. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, सुरक्षेच्या दुरुस्त्या आता येत नाहीत. नेटवर्कच्या टीसीपी/आयपी प्रॉपर्टीजमध्ये आयपी हातानं भरा, समजा 192.168.1.50, सबनेट मास्क 255.255.255.0, आणि डिफॉल्ट गेटवेची जागा कोरी सोडा. दुकानातल्या दुकानात सगळं चालतं, बाहेर जायला वाट उरत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायची वाट) करायचं नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वेबसर्व्हर आयआयएस एक्सपी प्रोफेशनलबरोबर मिळायचा, होममध्ये तो दिलेलाच नाही. विंडोज 2000 च्या सीडीतून फाइली काढून ‘सिसओसी’ नावाच्या फाइलमध्ये एक ओळ बदलायची, अशी एक युक्ती पूर्वी फिरायची. त्या भानगडीत पडू नका. अपाचे हा फुकट मिळणारा वेबसर्व्हर, त्याची 2.2.25 घ्या. 2013 मधली ही आवृत्ती अपाचेच्या जुन्या साठ्यात एमएसआय इन्स्टॉलरसकट मिळते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हनं आणा.

इन्स्टॉलर डोमेन, सर्व्हरचं नाव आणि ईमेल विचारतो. घरगुती कामाला तिथं काहीही चालतं. खाली ‘सगळ्या युजरसाठी, पोर्ट 80, सर्व्हिस म्हणून’ हा पर्याय ठेवा, म्हणजे मशीन सुरू झालं की अपाचेही सुरू. सर्व्हिस उठली नाही तर बहुधा 80 वर दुसरंच कुणी बसलेलं असतं. कमांड प्रॉम्प्टवर नेटस्टॅट, पुढे डॅश एएनओ, दिलं की त्याचा पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रामचा नंबर, कळतो. होममध्ये टास्कलिस्ट ही कमांड नाही, त्यामुळे टास्क मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून पीआयडीचा कॉलम चालू करून नाव शोधा.

आता कॉन्फ फोल्डरमधली मुख्य फाइल, एचटीटीपीडी.कॉन्फ. प्रूफ मी डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात ठेवतो. तो पत्ता डॉक्युमेंटरूटच्या ओळीत लिहायचा आणि थोडं खाली डिरेक्टरीच्या ओळीतही. एकाच जागी बदललात तर ब्राउझर 403, म्हणजे ‘परवानगी नाही’, दाखवतो. पत्त्यात तिरकी रेघ पुढे झुकणारी हवी, विंडोजची नेहमीची नको. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग एएनएसआयच ठेवा. यूटीएफ-8 केलंत तर फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी तीन बाइट्स चिकटतात आणि अपाचे पहिल्याच ओळीला अडतो. स्टार्ट मेनूत ‘टेस्ट कॉन्फिगरेशन’ आहे, ते चालवून मगच रीस्टार्ट करा.

त्या फोल्डरात इंडेक्सची फाइल नसेल तर अपाचे आपणहून फाइलींची यादी दाखवतो. आपल्याला तेवढीच हवी, वेबपेज बनवत बसायची गरज नाही.

राहिली फायरवॉल. एक्सेप्शन्समध्ये पोर्ट 80 टीसीपी जोडा आणि ‘चेंज स्कोप’मध्ये फक्त टॅबचा आयपी लिहा. टॅबचा आयपी राउटरमधून कायमचा बांधून घ्या, नाहीतर तो बदलला की प्रूफ दिसणं बंद. फाइल अँड प्रिंटर शेअरिंगची खूण काढून टाका. गिऱ्हाइकाच्या मोबाइलला मी दुकानाचं वायफाय देत नाही. वाईट दिसतं खरं, पण या मशीनच्या शेजारी अनोळखी फोन नको.

मग टॅबवर 192.168.1.50 उघडा. कोरलमधून (पत्रिका ज्यात बनवतो ते सॉफ्टवेअर) जेपीजी काढताना फाइलचं नाव इंग्रजीत द्या, आणि दुरुस्ती झाली की नावापुढचा आकडा वाढवा. तेच नाव ठेवलंत तर ब्राउझर कधीकधी साठवलेलं जुनं चित्रच दाखवतो आणि नवरीचे काका म्हणतात, ‘अहो, मुहूर्त अजून चुकलेलाच आहे.’