वसंतातल्या पक्षीफेरीला जाताना

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गोरेगावच्या केंद्रात किंवा अशाच एखाद्या ठिकाणी फाल्गुन-चैत्रात पक्षीफेरीला जाणार असाल, तर फुललेलं झाड गाठा. काटेसावर, पळस, पांगारा या दिवसांत निष्पर्ण असतात आणि फुलांत मकरंद भरलेला असतो. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, पोपट, कोतवाल पाळीपाळीने तिथेच येतात, आणि पानांची आड नसल्याने स्पष्ट दिसतात. मार्गदर्शकाला सांगून अशा एका झाडाजवळ वीस मिनिटं तरी थांबाच. सकाळी झाडाच्या पूर्वेला उभे राहा. सूर्य पाठीशी राहिला की रंग खुलतात, नाहीतर नुसती काळी आकृती दिसते.

दुर्बीण आदल्या दिवशीच जुळवून ठेवा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या भिंगाची कडी फिरवा. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवू नका, दुर्बीण तशीच डोळ्यांपुढे आणा. नवख्यांची खरी अडचण इथेच होते: ते खाली दुर्बिणीकडे बघतात आणि तेवढ्यात जागा हरवते.

आवाज ऐकून लगेच नाव ठरवू नका, भृंगराज हा कोतवालाच्या जातकुळीतला पक्षी इतरांच्या नकला हुबेहूब करतो. आणि कृपा करून मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. हे विणीचे दिवस आहेत. प्रतिस्पर्धी आला समजून नर घरटं सोडून धावून येतो.